मास इफेक्ट ३: लाल, निळा की हिरवा? आणि त्या पोराला विचारतंय कोण?

तलावपाळी_एन७ (ठाणे)

इशारा: खाली सगळा रसभंग आहे. तिन्ही भाग खेळून झाले नसतील तर इथूनच मागे फिरा, नंतर बोंब मारू नका.

राम मारुती रोडवर उभ्या उभ्या मित्राशी तासभर भांडलो तरी पोटातलं सगळं बाहेर आलं नाही, म्हणून धागा काढतोय. विषय जुनाच आहे. मार्च २०१२ मध्ये बायोवेअर कंपनीचा मास इफेक्ट ३ हा व्हिडिओ गेम आला आणि शेवटावरून जो गदारोळ झाला तो इथल्या बहुतेकांना आठवत असेल. शेवट बदला म्हणणाऱ्या ‘रीटेक मास इफेक्ट’वाल्यांनी निषेध म्हणून चाइल्ड्स प्ले या संस्थेसाठी ८०,००० डॉलरच्या वर पैसे जमवले. कोणी तरी बायोवेअरच्या एडमंटनच्या ऑफिसात चारशेच्या आसपास कपकेक धाडले. वरून लाल, निळे, हिरवे, आतून सगळे एकाच चवीचे. इतका सभ्य टोमणा मी दुसरा पाहिला नाही. पण माझी तक्रार रंगांची नाही.

ज्यांनी खेळून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी उजळणी. आपला नायक कमांडर शेपर्ड रक्तबंबाळ अवस्थेत सिटाडेल या अवकाशस्थानकावर पोचतो. तिथे लहान मुलाच्या रूपात कॅटलिस्ट भेटतो आणि सांगतो की रीपर (सगळ्यांना संपवायला आलेली महाकाय यंत्रं) माझ्या ताब्यात आहेत. सजीव यंत्रं बनवतात, यंत्रं उलटतात, शेवटी सजीव नामशेष होतात. ते टाळायला मी दर ५०,००० वर्षांनी प्रगत जमातींची कापणी करतो आणि त्यांना रीपरच्या रूपात जपून ठेवतो. आता तू इथवर आलाच आहेस, तर निवड. लाल: रीपर संपतील, पण सोबत गेथ ही यंत्रांची जमात आणि ईडीही जातील (नोटिसा पाठवणारी ईडी नव्हे, आपल्या नॉर्मंडी जहाजाची यंत्रबुद्धी). निळा: तू विरघळून रीपरांचा ताबा घे. हिरवा: तू उडी मार, तुझ्यातून सजीव आणि यंत्रं यांची एक नवीच घडण होईल.

लोक या तिघांत बरोबर कुठला यावर भांडतात. मला वाटतं आधी हे बघावं की प्रश्नपत्रिका कोणी काढलीय. ज्याने आकाशगंगा पुन्हा पुन्हा रिकामी केली तो आरोपीच्या पिंजऱ्यातून उठून न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो, आणि आपण म्हणतो, ‘बरं, पर्याय सांगा.’

त्याची सगळी इमारत एका गृहीतकावर उभी आहे: यंत्र आणि त्याचा निर्माता एकत्र नांदूच शकत नाहीत. आणि माझ्याकडे उलटा पुरावा आहे, रॅनॉकचा. रॅनॉक हा क्वॅरियन जमातीचा मूळ ग्रह. त्यांनी गेथ बनवले, ते विचार करू लागल्यावर घाबरून त्यांना मारायला निघाले, हरले आणि तीनशे वर्षं जहाजांतून वणवण फिरले. तरीही तिसऱ्या भागात त्या दोघांचा तह होऊ शकतो. गेथ त्यांना पुन्हा वसायला मदत करतात, त्यांच्या सूटमध्ये शिरून प्रतिकारशक्ती वाढवायलासुद्धा. लीजन या गेथ सोबत्याचा जीव जाऊन हे घडलंय. आणि सिटाडेलवर शेपर्डला रॅनॉकचं नावही काढता येत नाही! पहिल्या भागात खलनायक सॅरेनला बोलून बोलून स्वतःवर गोळी झाडायला लावणारा, तिसऱ्यात सर्बेरस संघटनेचा म्होरक्या इल्युसिव्ह मॅन याला त्याच वाटेने नेणारा शेपर्ड या पोरासमोर नुसती मान डोलावतो.

म्हणून माझं वाचन असं: शेवटाचा अर्थ कॅटलिस्टच्या भाषणात शोधूच नका. तो तुचांकावर (क्रोगन जमातीच्या ग्रहावर) आणि रॅनॉकवर लिहून झालाय. सिटाडेलवर फक्त शिक्षा सुनावायची उरते. मी लाल घेतो. दर वेळी.

या आता.

खारघर_क्रोगन

एन७, तू फार खोलात शिरलास. तिथे पाणी गुडघाभरच आहे.

वेळ कमी पडला, बस्स. गेम यायच्या आधी त्याचा दिग्दर्शक केसी हडसन मुलाखतीत सांगत होता की ए, बी, सी असे मोजता येतील तसले शेवट नसतील. मोजले आम्ही. तीन भरले. आणि पहिल्या आवृत्तीत सगळं संपल्यावर पडद्यावर काय यायचं आठवतं का? शेपर्ड आता दंतकथा झालाय, ती दंतकथा आणखी वाढवायला डीएलसी (नंतर उतरवायचे जादा भाग) आहेत. पाच वर्षं जीव लावायचा आणि शेवटी दुकानाची पाटी वाचायची.

मरॉडर शील्ड्सला मात्र माझा मुजरा. सिटाडेलवर नेणाऱ्या किरणाच्या वाटेवर आपल्याला अडवणारा शेवटचा शत्रू. बिचारा आपल्याला शेवटापासून वाचवत होता आणि आपण त्याला गोळी घातली.

वाशी_सेक्टर१७

क्रोगनभाऊ, हसून घ्या. पण तुम्ही दोघंही एक गोष्ट धरून चाललाय, की शेपर्ड सिटाडेलवर पोचला.

तो पोचलाच नाही. हार्बिंजर या रीपरचा फटका बसल्यानंतरचं सगळं त्याच्या डोक्यात चाललंय. इन्डॉक्ट्रिनेशन थिअरी (शेपर्डचं मन रीपर कह्यात घेतायत, ही) म्हटलं की लोक डोळे फिरवतात, म्हणून सरळ पुरावेच मांडतो.

ते पोरगं. सुरुवातीला व्हँकुव्हरमध्ये ते डक्टमध्ये लपलेलं दिसतं, शेपर्ड त्याच्याशी बोलतो, त्याचा वरिष्ठ अँडरसन हाक मारतो, वळून बघतो तर पोरगं गायब. नंतर ते शटलमध्ये चढतं तेव्हा आजूबाजूचा एकही माणूस त्याला हात देत नाही, त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. मग त्या स्वप्नांमधलं जंगल आणि काळ्या सावल्या. रीपरांच्या कह्यात जाणाऱ्याला भास होतात, कोणीतरी आसपास असल्यासारखं वाटतं, हे गेमच्या कोडेक्समध्येच (माहितीकोशातच) लिहिलंय. वर वर्षानुवर्षं शेपर्ड रीपरांच्या वस्तूंभोवतीच वावरतोय. दुसऱ्या भागाच्या ‘अरायव्हल’ डीएलसीत तर अशा वस्तूशेजारी बेशुद्ध पडून होता.

सिटाडेलवर शेपर्डच्या हातून अँडरसनला गोळी लागते आणि थोड्या वेळाने शेपर्ड स्वतःच्या पोटावर हात ठेवतो तर तिथून रक्त. आणि रंग बघा. तीन गेम आपल्याला शिकवलं की निळा म्हणजे पॅरागॉन (सज्जन), लाल म्हणजे रेनेगेड (निष्ठुर). शेवटी अँडरसनचा मार्ग लाल, इल्युसिव्ह मॅनचा निळा. हे उलटं कोणी केलं? ज्याला आपण लाल घेऊ नये असं वाटतं त्याने.

आणि शेवटचा खिळा: लाल घेतला आणि सैन्यबळ पुरेसं असलं तरच तो श्वास दिसतो. काँक्रीटच्या ढिगाऱ्यात एन७चं चिलखत आणि एक उसासा. सिटाडेल तर अवकाशात फुटलं, मग हे काँक्रीट कुठलं? लंडनचं. शेपर्ड लंडनमध्येच पडून होता.

बायोवेअरने ही थिअरी बरीच वर्षं मान्यही केली नाही आणि स्पष्ट नाकारलीही नाही. २०२१ मध्ये लेखक ख्रिस हेपलरने मात्र सांगितलं की ती आमच्या मनात नव्हती.

ऐरोलीची_टाली

सेक्टर१७, पुरावे मांडलेत छान. पण ही थिअरी खरी मानली तर गेम संपलेलाच नाही. रीपर अजून लंडनवर उभे आहेत, शेपर्ड ढिगाऱ्यात आहे आणि पुढचं दाखवायला कोणी तयार नाही. वाईट शेवटावरचा उपाय म्हणून तुम्ही शेवटच काढून टाकताय. शिवाय जून २०१२ च्या एक्स्टेंडेड कटमध्ये (वाढवून दिलेल्या शेवटात) ॲडमिरल हॅकेटचं निवेदन आहे, ताऱ्यांमधल्या प्रवासाचे रिले दुरुस्त होताना दिसतात, नॉर्मंडीवर स्मृतिफलक आहे. हे सगळं कोणाचं स्वप्न? तो कट आल्यानंतर ही थिअरी मला फक्त सुंदर वाटते, खरी नाही.

पण माझं खरं भांडण धागाकर्त्याशी आहे.

>> माझ्याकडे उलटा पुरावा आहे, रॅनॉकचा

एन७, तुम्ही रॅनॉकचा पुरावा छातीशी धरून वर जाता आणि लाल घेऊन तोच पुरावा जाळता. ज्या गेथनी क्वॅरियनांना घर परत दिलं त्यांना तुम्ही एका क्षणात, न विचारता, संपवता. म्हणजे प्रत्यक्षात कॅटलिस्टचंच म्हणणं खरं करता: सजीव आणि यंत्रं यांत शेवटी एकच उरणार. तुमच्या ईडीचं नाव त्या स्मृतिफलकावर लागतं. तेव्हा तिच्यावर जीव असलेल्या वैमानिक जोकरच्या तोंडाकडे बघवतं तुम्हाला?

मी निळा घेते. कोणाच्या शरीराला हात लागत नाही, गेथ जगतात, क्वॅरियन जगतात, ईडी जगते. मरतो तो फक्त शेपर्ड, आणि त्याची तयारी त्याने दुसऱ्या भागातल्या आत्मघातकी मोहिमेपासून ठेवलेलीच आहे. ‘इल्युसिव्ह मॅनलाही ताबाच हवा होता’ हे कृपया सांगू नका. कॅटलिस्ट स्वतः म्हणतो की त्याला जमणार नव्हतं, कारण तो आधीच त्यांच्या ताब्यात होता. नालायक माणसाने मांडली म्हणून कल्पना नालायक होत नाही.

घोडबंदरचे_काका

मी वयाने इथे सगळ्यांत मोठा असेन. मुलाने लावून दिला आणि मीच अडकलो.

एन७राव, तुमचा आरोपी-न्यायाधीशाचा मुद्दा वाचून मला वनपर्वातला यक्ष आठवला. चौघे भाऊ तळ्याकाठी मरून पडलेत. ज्याने त्यांना पाडलं तोच यक्ष युधिष्ठिराला म्हणतो, माझ्या प्रश्नांची उत्तरं दे. उत्तरं झाल्यावर म्हणतो, यातला एक उठवतो, निवड. मारणारा तोच, पर्याय देणारा तोच. तिथे युधिष्ठिर ‘तू कोण मला विचारणारा’ म्हणत बसला नाही. त्याने नकुलाला मागितलं. भीम नको, अर्जुन नको. कुंतीचा एक मुलगा मी जिवंत आहे, माद्रीचाही एक जगावा.

निवड कोणी समोर ठेवली यापेक्षा तुम्ही कुठल्या न्यायाने निवडलं, याला महत्त्व आहे. त्या न्यायाने बघितलं तर टालीताईंचं पारडं जड वाटतं. जो दुसऱ्याचा, जो परका, त्याचा जीव आधी मोजायचा. इथे माद्रीचा मुलगा म्हणजे गेथ.

तलावपाळी_एन७ (ठाणे)

काका, उदाहरण असं दिलंत की क्षणभर गप्प बसलो. पण दोन फरक आहेत.

पहिला: यक्षाने प्रश्न विचारले आणि युधिष्ठिराला उत्तरं देऊ दिली. सगळं यक्षप्रश्न प्रकरण म्हणजे संवाद आहे. माझी नेमकी तक्रार तीच, शेपर्डला उत्तर देता येत नाही. दुसरा: तो यक्ष शेवटी धर्म निघतो आणि चौघांनाही उठवतो. परीक्षा होती, म्हणून तो मान्य. कॅटलिस्टच्या मागे कोणी धर्म उभा नाही. ‘लेव्हायथन’ खेळलात ना? ऑगस्ट २०१२ मध्ये आलेल्या त्या डीएलसीत कळतं की हा कॅटलिस्ट मुळात लेव्हायथननी बनवलेली एक बुद्धिमत्ता आहे. त्यांच्या मांडलिक जमाती यंत्रं बनवायच्या आणि त्यांच्याच हातून मरायच्या, त्यावर उपाय शोधायला. त्याने शोधलेला उपाय म्हणजे आधी बनवणाऱ्यांचीच कापणी. पहिला रीपर, हार्बिंजर, त्यांच्यातूनच घडला.

टाली, आता याच नजरेने निळ्याकडे बघा. एक चांगल्या हेतूने नेमलेली बुद्धिमत्ता, हाताशी अख्खं रीपरांचं दल, काम सगळ्यांचं रक्षण. हे आपण आधी पाहिलंय. तुम्ही कॅटलिस्ट हटवून दुसरा कॅटलिस्ट बसवताय, फक्त त्याला शेपर्डचा आवाज आहे. एक्स्टेंडेड कटमध्ये रेनेगेड शेपर्डने निळा घेतला तर ते निवेदन ऐका. अंगावर काटा येतो.

ऐरोलीची_टाली

आणि पॅरागॉनचं ऐकलंत का? तोच पर्याय, पण घेणारी व्यक्ती वेगळी, म्हणून पुढचं जग वेगळं. तीन गेममध्ये कोण घडलं यावर ते ठरतं. तुम्ही म्हणता ना शेवटाचा अर्थ आधीच लिहून झालाय? निळ्यातच तो खरा होतो. स्त्री शेपर्डला आवाज देणाऱ्या जेनिफर हेलने ते निवेदन ज्या सुरात केलंय त्यात सत्तेची भूक मला तरी ऐकू आली नाही. मी कायम तिचीच शेपर्ड खेळले, त्यामुळे पक्षपात धरून चाला.

अजून एक. तुम्ही म्हणता प्रश्नपत्रिका त्याची. पूर्ण त्याची नाही. सैन्यबळ अगदी कमी घेऊन वर गेलात तर एकच पर्याय मिळतो, आणि कुठला ते दुसऱ्या भागात ठरलेलं असतं. कलेक्टर या शत्रूंचा तळ उडवला असेल तर लाल, इल्युसिव्ह मॅनच्या हवाली केला असेल तर निळा. हिरवा तर भरपूर तयारी केल्याशिवाय उघडतच नाही. म्हणजे तो पर्याय सांगतो, पण कुठले सांगायचे ते तुमच्या सेव्हमधून उचलतो.

खारघर_क्रोगन

बरोबर आहे ताईंचं. आणि याच सैन्यबळावरून माझं डोकं फिरलं होतं. पहिल्या आवृत्तीत मल्टिप्लेअर खेळलं नाही तर तयारी पन्नास टक्क्यांवर अडकायची, त्यामुळे नुसता एकट्याने खेळणाऱ्याला तो ढिगाऱ्यातला श्वास दिसणं जवळपास अशक्य. एक्स्टेंडेड कटने तो आकडा खाली आणला. तेव्हाचं माझं इंटरनेट असं होतं की जवळपास दोन जीबीचा तो कट उतरवायला रात्रभर मशीन चालू ठेवावं लागलं, आणि घरच्यांना वाटलं पोरगं ऑफिसचं काम करतंय.

एन७, एक सरळ सवाल. पोराचा अधिकारच मान्य नाही तर चौथा पर्याय आहे की. एक्स्टेंडेड कटमध्ये नकार देता येतो. नाही तर त्याच्यावर गोळी झाड, तोही नकारच धरला जातो.

तलावपाळी_एन७ (ठाणे)

दिलाय एकदा. शेपर्डचं भाषण झकास होतं, त्या पोराचा आवाज एकदम बदलतो आणि सगळे मरतात. आपली सोबतीण लियारा हिने पुरून ठेवलेल्या नोंदी पुढच्या चक्रातल्या लोकांना सापडतात आणि ते जिंकतात.

तत्त्वाला धरून नकारच यायला हवा, हे मान्य. पण त्याचं बिल आपले सोबती भरतात: गॅरस भरतो, रेक्स भरतो, गेममधली क्वॅरियन टाली भरते. माझा स्वाभिमान आणि त्यांचा वंशविच्छेद. लाल घेताना किमान लढाई जिंकली जाते.

नेरूळ_नवखा

मी २०२१ ची लेजेंडरी एडिशन खेळलो, त्यामुळे एक्स्टेंडेड कट, लेव्हायथन, सिटाडेल डीएलसी सगळं आधीपासून आत होतं. खरं सांगू का, मला शेवट इतका वाईट वाटलाच नाही. लेव्हायथन आधी होऊन गेल्यामुळे ते पोरगं आकाशातून पडल्यासारखं वाटलं नाही. तुम्ही सगळे २०१२ च्या रागातून बोलताय असं वाटतं.

मी हिरवा घेतला. कोणीही मेलं नाही. निवेदन ईडीचं आहे, आणि ती म्हणते ती आता जिवंत आहे. ती आणि जोकर जहाजातून एकत्र बाहेर येतात. याहून काय हवं?

खारघर_क्रोगन

नवख्या, तू चांगला पोरगा दिसतोस म्हणून शांतपणे सांगतो. क्रोगन म्हणून सांगतो.

जेनोफेज काय होता? क्रोगनांची पैदास रोखणारा रोग. सॅलॅरियनांनी बनवला, टुरियनांनी सोडला. एका अख्ख्या जमातीच्या शरीरात, तिला न विचारता, बदल केला, कारण कोणाला तरी वाटलं की त्याने आकाशगंगेत शांतता राहील. आणि हेतू खोटा नव्हता! क्रोगन खरंच सगळीकडे पसरत होते. तरी तीन गेम आपण त्या निर्णयाची घाण उपसतोय. मॉर्डिनसारखा शास्त्रज्ञ, ज्याने त्यात सुधारणा करून तो पुन्हा लागू केला, तो शेवटी तुचांकाच्या टॉवरवर जाऊन जीव देतो, ते पुसायला. आणि तू काय केलंस? आकाशगंगेतल्या प्रत्येक जिवाच्या, पानाफुलांच्यासुद्धा, शरीरात बदल केलास. कोणाला न विचारता. शांतता राहील म्हणून.

मघाशी मी म्हणालो पाणी गुडघाभर आहे. शेवटच्या दहा मिनिटांत तसंच आहे. तुचांकावर बुडायला होतं.

वाशी_सेक्टर१७

क्रोगनभाऊ गंभीर झाले! तारीख लिहून ठेवा.

हिरव्याबद्दल एकच पुस्ती. सजीव आणि यंत्रांचं मीलन, दोघांची ताकद, दोघांचा दोष नाही, हे भाषण पहिल्या भागात कोणी केलं होतं? सॅरेनने. सॉव्हरिन या रीपरच्या कह्यात असताना. तेव्हा आपण त्याला वेडा म्हणालो.

नेरूळ_नवखा

जेनोफेजचा असा विचार खरंच केला नव्हता. पण एक सांगा, लालमध्येही गेथना कोणी विचारत नाही, निळ्यातही रीपरांना कोणी विचारत नाही. विचारून घेतलेला पर्याय तिघांत एकही नाही. मग हिरव्यावरच एवढा राग का? तिथे निदान सगळे ‘का विचारलं नाहीस’ म्हणायला जिवंत तरी असतात.

घोडबंदरचे_काका

शाब्बास. याचं उत्तर एन७रावांनी द्यावं.

संपादक

चर्चा छान चालली आहे. नव्या मास इफेक्टच्या टीझरवरचे तीन प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. २०२१ च्या एन७ डेच्या पोस्टरमधला खड्डा गेथच्या डोक्यासारखा दिसतो का, यावर तिथे हवं तितकं भांडा.

तलावपाळी_एन७ (ठाणे)

उत्तर देतो. नवखा, तुझं म्हणणं खरं आहे, संमती कुठेच नाही. पण युद्धात मरण येईल ही जोखीम गेथनी स्वतः घेतली होती. तहानंतर ते पृथ्वीवर लढायला आपल्या बाजूने आले, रीपर हरावेत म्हणून. ऐरोलीची टाली म्हणेल की लढायला येणं म्हणजे बळी जायला होकार नव्हे, आणि तिच्या मुद्द्यात दम आहे. पण ‘तू मरशील’ आणि ‘तू आता तू राहणार नाहीस, आणि तुला ते आवडेलही’ यांतलं दुसरं मला जास्त भयंकर वाटतं. इन्डॉक्ट्रिनेशनचं वर्णनही हेच आहे.

आणि गेमने हाच प्रश्न दुसऱ्या भागात लहान करून आधीच विचारला होता. लीजनची कामगिरी आठवा. रीपरांची पूजा करणारे पाखंडी गेथ. त्यांना उडवायचं, की त्यांच्या डोक्यात कोड घालून त्यांची मतं बदलायची? तेव्हा मी बदलली होती, दयाळू वाटलं म्हणून. लीजनची स्वतःचीच एकवाक्यता होत नव्हती.

खारघर_क्रोगन

आणि गंमत अशी की तिसऱ्या भागात रॅनॉकच्या तहाचं गणित मांडताना गेम पाखंडी *उडवल्याचे* गुण देतो, बदलल्याचे नाही. बदलले तर गेथचं बळ वाढतं आणि युद्ध आणखी पेटतं. बायोवेअरच्या हिशोबाच्या वहीत लाल आधीपासून पुढे होता.

ऐरोलीची_टाली

तो लढाईचा हिशोब आहे, नीतीचा नाही. पण लहान प्रश्न आणि मोठा प्रश्न एकच, हे पटलं. लीजनची ती कामगिरी मला कायम नुसती साइड मिशन वाटायची.

तरीही लाल नाही. पाखंडी गेथ आपल्यावर चालून येणार होते. रॅनॉकचे गेथ आपल्या बाजूने आले होते. शत्रूला उडवणं आणि सोबत्याला उडवणं यांना एकच रंग देऊ नका.

नेरूळ_नवखा

एक विचारायचं राहिलं. तुम्ही सगळे गेथ, गेथ करताय. माझ्या खेळात रॅनॉकवर तह झालाच नाही. दोघांतला एक निवडावा लागला, मी क्वॅरियन वाचवले, गेथ तिथेच संपले. म्हणजे मी लाल घेतला असता तर यंत्रांच्या बाजूने जवळपास एकटी ईडीच गेली असती ना? तुमच्या आणि माझ्या लालची किंमत वेगळी आहे.

घोडबंदरचे_काका

आणि ज्याने रॅनॉकवर गेथ वाचवले त्याचं बघ. क्वॅरियन तिथे संपले, टाली कड्यावरून गेली. आता त्याने वर जाऊन लाल घेतला तर गेथही संपले. त्या घरातला दिवा लावायला कोणी उरलं नाही.

तलावपाळी_एन७ (ठाणे)

काका, नवखा, धागा काढताना मी जे म्हणत होतो त्याला तुम्ही धार लावून दिलीत. तीन रंग सगळ्यांना सारखे दिसतात, पण माझा लाल, नवख्याचा लाल आणि गेथ वाचवणाऱ्याचा लाल हे तीन वेगळे निर्णय आहेत. कटसीन मात्र जवळपास एकच आहे. कपकेकवाल्यांना राग आला तो चवीचा, आणि तो रास्त होता. निर्णय वेगळे होते, बायोवेअरने ते वेगळे दाखवले नाहीत. एक्स्टेंडेड कटने चित्रफितीतली चित्रं बदलली, पण शेपर्डच्या तोंडी ‘रॅनॉकवर मी काय केलं ते बघ’ हे वाक्य काही दिलं नाही. कोणाच्याच शेपर्डच्या तोंडी नाही.

ऐरोलीची_टाली

या एका वाक्यापुरती मी तुमच्या बाजूने.

नवखा, पुन्हा खेळणार असशील तर तह करूनच वर जा. दुसऱ्या भागात टालीचा खटला जिंक, तिला हद्दपार होऊ देऊ नकोस. लीजनची कामगिरी पूर्ण कर. नंतर जहाजावर त्या दोघांचं भांडण होतं तेव्हा दोघांनाही शांत कर. दोघंही आत्मघातकी मोहिमेतून जिवंत परत यायला हवेत. तिसऱ्या भागात रॅनॉकच्या मुख्य मोहिमेआधी क्वॅरियन ॲडमिरल कोरिसला वाचव आणि गेथच्या लढाऊ विमानांची मोहीम उरक. प्रतिष्ठेची पट्टी पुरेशी भरलेली ठेव. मग बघ रंग कुठला सुचतो ते.

नेरूळ_नवखा

लीजनची कामगिरी? माझ्याकडे लीजन नव्हताच. तो बंद पडलेला गेथ सापडला होता, तो मी सर्बेरसला देऊन टाकला. बदल्यात पैसे देत होते.

खारघर_क्रोगन

विकला?!

घोडबंदरचे_काका

नवख्या, दुसऱ्या भागापासून सुरू कर. आजच.